आज तुम्हाला चहा नाही

“सर, आज तुम्हाला चहा नाही,” मामा म्हणाले आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

क्लबात चहा देणाऱ्या मामांनी सरांच्या हाताखालून कप काढून घेतला होता. सर म्हणजे आमच्या क्लबचे सभासद, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, रोज चार नंबरच्या टेबलावर बसणारे. ते हसत होते. टेबलावरचे बाकीचे तिघेही हसत होते. कोणीतरी मोबाइल वर धरून म्हणालं, मामा, परत एकदा म्हणा, नीट आलं नाही. मामा परत बोलले, पण मोबाइलवाल्याशी नाही, सरांशी. “सर, मी नाटक करत नाहीये. उठा. घरी चला.” त्यावर आणखी टाळ्या पडल्या.

मग व्यासपीठावरून तो नट खाली उतरला. टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत तो मामांचं सोंग करायचा, आणि क्लबच्या वर्धापनदिनाला कमिटीनं त्यालाच पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मामांसारखाच गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट घालून आला होता. त्यानं मामांच्या ट्रेमधला कप उचलला, सरांपुढे ठेवला आणि माइकवर म्हणाला, “आज सगळ्यांना चहा.” सरांनी कप तोंडाला लावला. फोटो निघाले. एका फोटोत मीही आहे, मागे स्वयंपाकघराच्या दारात, हातात वड्यांचं ताट घेऊन उभी.

पाऊण तासानं सर खुर्चीतच कलंडले. नटाचं भाषण चालू होतं. सर जमिनीवर पडले नाहीत, कारण मामा त्यांच्या खुर्चीमागे उभे होते. ट्रे ठेवून, दोन्ही हात मोकळे करून ते मघापासून तिथेच उभे होते.

दवाखान्यात पोचायच्या आत सर गेले.

दोन घोट चहानं कोणी मरत नाही हे मला कळतं. मी चौथीपर्यंत शिकलेय, पण तेवढं कळतं. गोष्ट चहाची नव्हतीच. ती काय होती हे सांगायचं तर मामा कसे होते ते सांगावं लागेल. मी ते पूर्वी एकदा अर्धंच सांगितलं होतं. आता पूर्ण सांगते.

आमचा क्लब बिबवेवाडीत. क्लब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हिरवळ येईल, तसं काही नाही. एक मोठा हॉल, पत्त्यांची आठ टेबलं, कॅरम, पेपरांचं कपाट आणि माझं स्वयंपाकघर. सभासद बहुतेक निवृत्त. बँकेतले, कचेरीतले, शाळेतले. दुपारची झोप झाली की यायचे आणि दिवे लागले की जायचे. मी तिथे बावीस वर्षं खाणं केलं.

आम्ही नोकरमाणसं सगळी एकेक तऱ्हेची होतो. वॉचमन माणसांना सलाम करायचा नाही, गाडीला करायचा. मोठ्या गाडीला कडक, छोटीला अर्धा, स्कूटरला नुसती मान. चालत येणारा सभासद अध्यक्ष असला तरी त्याला काही नाही. कारकून पेपर देताना पानं सुटी करून द्यायचा. पहिलं पान परत केल्याशिवाय दुसरं मिळायचं नाही. आणि मी. कोणी दुसऱ्यांदा वडा मागितला की मी विचारायची, का हो, घरी उपाशी ठेवतात का? तरी मागायचे. चांगले व्हायचे वडे.

मामा चहा द्यायचे. त्यांचं नाव हजेरीपत्रकात होतं, ते कोणी तोंडानं घेतल्याचं मला आठवत नाही. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि पायात कापडी बूट. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून ते बूट. डाव्या कानानं त्यांना ऐकू यायचं नाही. त्यामुळे टेबलापाशी उभे राहिले की मान वाकडी करून उजवा कान पुढे धरायचे. नव्या सभासदांना वाटायचं हा माणूस आपले पत्ते बघून समोरच्याला खुणा करतो. एकानं तशी तक्रारही लिहिली होती तक्रारवहीत.

मामा पत्ते बघत नव्हते. ते कप ऐकत होते.

त्यांची पद्धत ठरलेली. बशीसकट कप ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचं आणि माणसानं पहिला घोट घेईपर्यंत हलायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतोच, कप बशीवर थोडा वाजतोच. पण प्रत्येकाचं वाजणं वेगळं आणि ते रोजचं असतं, असं मामा म्हणायचे. एखाद्या दिवशी ते बदललं की मामा पुढे व्हायचे, हाताखालून कप काढून घ्यायचे आणि म्हणायचे, “आज तुम्हाला चहा नाही.”

आता विचार करा. तुम्ही पैसे भरून सभासद झालेले, चार माणसांत बसलेले, आणि चहा देणारा माणूस तुमच्यापुढचा कप उचलून घेतो. माणूस भडकायचाच. पत्ते टाकायचा, छत्री उचलायचा, सेक्रेटरीला दोन शब्द सुनवायचा आणि चालता व्हायचा. तो फाटकातून बाहेर पडला की मामा आत येऊन त्याच्या घरी फोन लावायचे. सगळ्या सभासदांच्या घरचे नंबर त्यांच्या खिशातल्या वहीत होते. फोनवर बोलायचे तेही ठरलेलं. “साहेब निघालेत. रागावलेत. जेवायला घालू नका, दवाखान्यात न्या.”

पहिल्यांदा मी हे बघितलं ते एका वकीलसाहेबांच्या बाबतीत. ते जाता जाता तक्रारवहीत लिहून गेले, की सदर नोकराच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, त्याला तत्काळ काढावे. दीड महिन्यानं ते परत आले, छातीचं ऑपरेशन करून, आधीच्या निम्मे होऊन. आल्या आल्या त्यांनी तक्रारवही मागवली, आपलं पान काढलं आणि खाली लिहिलं, “मागे घेतली.” मग टेबलावर जाऊन बसले. मामांनी चहा ठेवला, दोन पावलं मागे सरले.

“बरा आहे का आवाज?” वकीलसाहेब म्हणाले.

“चालेल,” मामा म्हणाले.

आभारप्रदर्शन झालं ते एवढंच.

मामा चुकायचेही. एकदा एका साहेबांचा कप वाजला म्हणून त्यांना घालवून दिलं. घरच्यांनी धरून दवाखान्यात नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. त्यांच्या हातात त्या दिवशी तीन एक्के होते, म्हणून हात थरथरत होता. ते महिनाभर मामांशी बोलत नव्हते. मी मामांना चिडवलं तर म्हणाले, चुकलो खरा, पत्ते बघायला हवे होते.

एका दुपारी मी मेथी निवडत होते आणि मामा कप पुसत होते. ते कप जाड पांढरे होते, वजनाला भारी. कमिटी कागदी कप आणू म्हणत होती आणि मामा अडून बसले होते. धुण्याचा त्रास माझ्या मोरीला होता, म्हणून मी कमिटीच्या बाजूची होते. मी म्हटलं, तुमचं काय अडतंय कागदी कपानं? ते म्हणाले, कागदाचा वाजत नाही.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. क्लबात लागले तेव्हाची गोष्ट. एक इंजिनिअर सभासद होते. एक दिवस त्यांचा कप बशीवर वेगळाच वाजला. मामांनी ऐकला. वाटलं बोलावं. मग वाटलं, मी कोण सांगणारा, मी चहा देणारा माणूस. गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लब बंद ठेवल्याची चिठ्ठी फाटकावर लागली होती.

मी म्हटलं, “मग सरळ घरी जा म्हणायचं. चहा काढून घेऊन लोकांच्या शिव्या कशाला खायच्या?”

“बाई, पुण्यातला माणूस घरी जा म्हटल्यावर कधी गेलाय का?” मामा म्हणाले. “का जाऊ नये याची तीन कारणं तो मलाच सांगेल. कप काढून घेतला की त्याचा अपमान होतो. अपमान झाला की उठतो. उठला की घरी जातो. पुढचं घरचे बघतात.”

हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

मग ती लेखिका आली. एका म्हाताऱ्यांच्या क्लबवर टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहायची म्हणून चार दिवस आमच्याकडे बसायला आली होती. तिशीतली, हुशार, बोलायला गोड. पहिले दोन दिवस हॉलमध्ये बसली. तिसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात आली, पिठाच्या पत्र्याच्या डब्यावर बसली आणि मी दिलेला सांजा खाता खाता विचारू लागली. बावीस वर्षांत माझ्या दारात येणाऱ्यांनी मला दोनच प्रश्न विचारले होते, आज काय आहे आणि अजून आहे का. हिनं विचारलं, मावशी, इथली माणसं कशी आहेत?

मी बोलले. वॉचमनचे सलाम करून दाखवले, ती हसली. कारकुनाची पेपरची पानं सांगितली, ती हसली. मग मी मामा सांगितले. मान वाकडी करून उभी राहिले, दोन पावलं मागे सरले आणि तिच्या हाताखालचा कप उचलून म्हटलं, आज तुम्हाला चहा नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. वकीलसाहेबांची तक्रार सांगितली तर ती पोट धरून वाकली. म्हणाली, मावशी, हे म्हणजे सोनं आहे. वहीत भराभर लिहू लागली.

पुढचं माझ्या ओठावर होतं. वकीलसाहेबांचं ऑपरेशन, घरचा फोन, इंजिनिअर. नाही सांगितलं. तेल तापलं होतं म्हणून मी गॅसकडे वळले, असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. तेल तापलं नव्हतं. ती हसत होती आणि मला ते आवडलं होतं. पुढचं सांगितलं असतं तर ती हसायची थांबली असती.

मालिका सुरू झाली त्या दिवशी हॉलमधल्या मोठ्या टीव्हीपुढे सगळे जमले. टीव्हीतला वॉचमन गाड्यांना सलाम ठोकत होता. आमचा वॉचमन खूश. टीव्हीतली स्वयंपाकीण गोरी, गोल, गाणी म्हणणारी, सगळ्यांना शहाणपण शिकवणारी. सभासद माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, तुम्ही अशा कधी होणार? मग चहावाला आला. वाकड्या मानेचा, खडूस. ज्याचा राग येईल त्याचा कप काढून घ्यायचा आणि म्हणायचा, आज तुम्हाला चहा नाही. कोणी टीप दिली नाही, कप गेला. कोणी मोठ्यानं बोललं, कप गेला. एकानं तक्रारवहीत लिहिलं, सदर नोकराच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. शेवटी लग्नाच्या पंगतीत नवऱ्या मुलाचा कप गेला. हॉल नुसता हसून फुटला. सगळे माना वळवून दाराकडे बघायला लागले. मामा दाराशी उभे होते.

त्यांनी सगळा भाग उभ्यानं बघितला. मग आत आले, बाह्या वर केल्या आणि कप धुवायला लागले. मी गॅसकडे तोंड करून होते.

“तो मागे सरत नाही,” ते म्हणाले. “कप ठेवतो आणि लगेच काढतो. ऐकतच नाही.”

हे क्लबाबाहेर कुणी नेलं, हे त्यांनी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही.

ते वाक्य गावभर झालं. शाळेतली पोरं एकमेकांचे डबे ओढून तेच म्हणायची. सभासदांच्या सुना नातवंडं घेऊन क्लबात यायच्या, मामांना उभं करून फोटो काढायच्या, म्हणा ना मामा एकदा. मामा म्हणायचे, अहो, ते असं म्हणायचं नसतं. त्यावरही हसायचे.

पुढे जे झालं ते तुमच्या आतापर्यंत लक्षात आलं असेल. मला यायला वेळ लागला. मामांनी खरोखर कप काढून घेतला तरी आता कोणी रागवेना. एका साहेबांना तापानं कापरं भरत होतं, मामांनी कप उचलला, तर साहेब हसून मागे रेलले आणि शेजाऱ्याला म्हणाले, काढ, काढ, व्हिडिओ काढ, खराडीला मुलाला पाठवतो, ऑफिसात दाखवेल. दोन तास बसून राहिले. नशीब, नुसता तापच होता.

मामांनी दुसरे उपाय करून बघितले. एकाला सांगितलं, तुमच्या घरी नळ तुंबलाय, पाणी बाहेर येतंय. तो गेला. दुसऱ्या दिवशी येऊन एवढा तणतणला की पुढे मामांचं कुठलंच बोलणं कोणी खरं धरेना. अध्यक्षांकडेही गेले होते. म्हणाले, साहेब, एकदा सगळ्यांना सांगा, की मी म्हणतो ते खरं असतं. अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मामा, तुम्ही क्लबचं नाव केलंत.

मामा माझ्याकडे आले. “बाई, आता कोणी रागवत नाही,” म्हणाले.

मी वडे तळत होते. म्हटलं, “चांगलंच आहे की.”

मामा ट्रे उचलून गेले.

सर गेल्यावर चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी पिठलं-भाकरी घेऊन गेले. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, मामांचा फोन आला होता हो. त्या दिवशी, कार्यक्रम चालू असताना. म्हणाले, काकू, सर उठत नाहीत, तुम्ही या, त्यांना दवाखान्यात न्यायला हवं.

“मग?” मी विचारलं.

“मी हसले,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, मामा, आम्हीपण बघतो हो सीरियल. आणि फोन ठेवला. कुकर लावायचा होता.”

मी ताट ठेवून घरी आले.

सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मामा क्लबात आले नाहीत. नंबरांची वही वॉचमनच्या हाती पाठवून दिली. महिन्याच्या आत कमिटीनं कागदी कप आणले. माझी मोरी रिकामी झाली.

मामा विश्रांतवाडीला मुलीकडे राहायचे. मला तिकडे जायला दीड महिना लागला. दूर पडतं, दोन बस बदलाव्या लागतात, पण त्याला काही दीड महिना लागत नाही. शेवटी एका गुरुवारी गेले. दोन जिने चढले तर दम लागला. वय झालं म्हटलं.

मामा खिडकीजवळ खुर्चीवर बसले होते. घरातही शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. मुलगी म्हणाली, बाबा, क्लबातल्या बाई आल्यात. ते म्हणाले, बसा. मुलगी चहा करायला आत गेली. मी बसले आणि इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं, की त्या लेखिकेला ते मी सांगितलं होतं.

“माहीत आहे,” मामा म्हणाले. “वकीलसाहेबांची तक्रार तुम्ही आणि मीच वाचली होती.”

“मी पुढचं सांगितलं नाही. ऑपरेशनचं. फोनचं.”

“का?”

मी घरून निघताना दोन-तीन उत्तरं ठरवून आणली होती. तेलाचं होतं, घाईचं होतं. त्यांच्यापुढे ती निघेनात.

“ती हसत होती,” मी म्हटलं.

मामांनी मान हलवली. नुसती, एकदा. खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं बोलतील, रागावतील, काहीतरी म्हणतील. मी तेवढ्यासाठीच तर आले होते. मुलगी चहा घेऊन आली. कप, बशी. माझ्यापुढे ठेवला आणि परत आत गेली. मी तो उचलला. हात थरथरत होता, मला दिसत होतं. मनातलं बोलून टाकलं की हात थरथरतो, मला त्याचं काही वाटलं नाही.

मामा खुर्चीतून उठले. त्यांना उठायला त्रास होत होता. दोन पावलं टाकून माझ्याजवळ आले, उजवा कान पुढे करून थोडे थांबले आणि माझ्या हातातून कप-बशी काढून घेतली.

“बाई, आज तुम्हाला चहा नाही,” ते म्हणाले.

मला सगळं माहीत होतं, हे मी वर लिहिलंय. कप का वाजतो, का काढून घेतात, पुढे काय होतं, सगळं. आणि तरी त्या क्षणाला माझ्या डोक्यात एकच आलं, की हा माणूस मला घरातून घालवतोय. माझ्या हातचं खाऊन बावीस वर्षं काढली आणि आज मी कबूल करायला आले तर घोटभर चहा देत नाही. माझा अपमान झाला. मी पिशवी उचलली. म्हटलं, “बरं आहे. चहासाठी आले नव्हते मी.” मुलगी आतून धावत आली, अहो बाई, असं काय, थांबा. मी थांबले नाही. जिने कसे उतरले ते आठवत नाही. दोन्ही बसमध्ये मनातल्या मनात त्यांना बोलत होते. ऐकवण्यासारखं नव्हतं ते.

आमच्या थांब्यावर उतरले तर समोर माझी सून उभी. शेजारी रिक्षा, रिक्षात तिची पर्स आणि माझी औषधांची पिशवी.

“आई, बसा रिक्षात,” ती म्हणाली.

“कशाला? घर समोर तर आहे.”

“तुम्ही रागावल्यात ना?”

मी म्हटलं, “तुला कोणी सांगितलं?”

ती म्हणाली, “विश्रांतवाडीहून फोन आला होता. म्हणाले, बाई निघाल्यात, रागावल्यात, जेवायला घालू नका.”

आमच्या घरचा नंबर मामांच्या त्या वहीत नव्हता. वहीत सभासद होते, आम्ही नोकरमाणसं नव्हतो. त्यांनी वॉचमनला फोन करून तो काढला होता.

मी रिक्षात बसले. डॉक्टरांनी त्याच दिवशी ठेवून घेतलं. हृदयाच्या दोन नळ्या बंद होत्या. जिन्यावर लागला तो दम वयाचा नव्हता.

बरं वाटायला लागल्यावर मी मामांकडे जायला हवं होतं. सून दोनदा म्हणाली, चला, मी सोबत येते. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली. मग म्हटलं, थंडी कमी होऊ दे. जाऊन काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. त्यांनी मला माफ केलं होतं की नुसता कप ऐकला होता, हे विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं.

संक्रांतीनंतर त्यांच्या मुलीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेले. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला होता, कपातून प्यायले होते. त्यांचा कप ऐकायला घरात कोणाला येत नव्हतं.

मी भेटायला गेले. जिने सावकाश चढले. मुलीनं चहा दिला, त्याच कपबशीत. मी उचलला, पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. खिडकीजवळची खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवली होती, तिच्यावर घड्या घातलेले पांढरे शर्ट होते. चहा मी सगळा प्यायले.

सर गेले. मामा गेले. ज्या बाईनं अर्धं सांगितलं होतं ती वाचली, ती मी.